नाटकाला दोन महिने, भाषणाला एक रात्र

गोव्यातील फोंडा तालुक्यातील एका शिक्षिकेचे पत्र आले आहे. पत्र बरेच मोठे असल्यामुळे त्यातला आवश्यक तेवढाच भाग येथे देते.

"मी ४१ वर्षांची असून आमच्या गावातील मराठी प्राथमिक शाळेत शिकवते. पहिली ते चौथी मिळून आमची २३ मुले आहेत. गोवामुक्तीनंतर तीन-चार वर्षांत सुरू झालेल्या या शाळेला ६० वर्षे पूर्ण झाली असून येत्या डिसेंबरात देवळाच्या सभामंडपात हीरकमहोत्सवाचा कार्यक्रम आहे. माजी विद्यार्थी, पालक आणि गावकरी मिळून सहाशे-सातशे माणसे येतील. प्रास्ताविक करण्याची आणि शाळेचा इतिहास सांगण्याची जबाबदारी माझ्यावर आली आहे आणि तेव्हापासून माझी झोप उडाली आहे. दोन वर्षांपूर्वी एका सहकारी शिक्षिकेच्या निवृत्तीच्या समारंभात मी बोलायला उभी राहिले, मान्यवरांची नावे घेता घेता तिसऱ्या नावापाशी अडखळले आणि मग पुढचे काहीच आठवेना. हातातला कागद इतका थरथरत होता की ओळी दिसत नव्हत्या. 'धन्यवाद' म्हणून खाली बसले. 'तसे काही जाणवले नाही' असे सगळ्यांनी नंतर सांगितले, पण ते माझी समजूत घालत होते हे मला कळते. आश्चर्य म्हणजे जत्रेच्या नाटकात मी बारा वर्षे काम करते आहे. मंडप तोच, माणसेही तीच, पण तेव्हा मला काही होत नाही. शिवाय आमच्या घरी कोकणी बोलतात. मंचावर मराठी बोलताना मध्येच कोकणी शब्द येईल, हेल येईल, याचीही धास्ती असते. पुण्याच्या एका नातेवाइकांनी एकदा माझ्या बोलण्याची नक्कल केली होती. यजमान म्हणतात, एखादी गोळी घे आणि मोकळी हो. भाषणाचा मसुदा सोबत जोडला आहे. पाठ करू की वाचू, तेवढे तरी सांगा."

प्रिय भगिनी,

नाटकाबद्दलचे जे वाक्य तुम्ही 'आश्चर्य म्हणजे' असे म्हणून जाता जाता लिहून टाकले आहे, मला त्याच्यापाशीच थांबावेसे वाटते. ज्या बाईला त्याच मंडपात, त्याच माणसांसमोर, तोंडाला रंग लावून तीन तास उभे राहता येते, तिला गर्दीची भीती वाटते असे म्हणणे मला पटत नाही. भीती आहे ती निराळ्या गोष्टीची आहे, आणि ती कोणती हे पाहण्यासाठी तुमचे नाटक आणि तुमचे भाषण शेजारी शेजारी ठेवून पाहू या.

नाटक कसे उभे राहते हे मी तुम्हाला सांगायला नको. दिवाळी उरकली की रात्रीची जेवणे आटोपून मंडळी दहाच्या सुमारास मंडपात जमू लागतात. पहिले काही दिवस नुसते वाचन चालते, मग हातात वही धरून हालचाली, मग वही बाजूला ठेवून तेच प्रवेश पुन्हा पुन्हा. दिग्दर्शक एका वाक्यावरून वीस वेळा मागे फिरवतो, आणि शेवटी रंगीत तालीम होते. प्रयोगाच्या रात्री विंगेत संहिता घेऊन प्रॉम्प्टर उभा असतो तो वेगळाच. आता भाषणाकडे या. निवृत्तीच्या समारंभातले भाषण तुम्ही आदल्या रात्री अकरा वाजता लिहायला घेतले आणि झोपण्यापूर्वी दोनदा मनातल्या मनात वाचले, असे तुम्हीच पत्रात लिहिले आहे. याचा अर्थ ते शब्द तुमच्या तोंडातून पहिल्यांदा बाहेर पडले ते थेट माइकवर. उद्या तुमच्या दिग्दर्शकांनी एखादी भूमिका तुम्हाला आदल्या रात्री दिली आणि दुसऱ्या दिवशी जत्रेत उभे राहायला सांगितले, तर तुम्ही त्यांना वेड्यात काढाल. भाषणाच्या बाबतीत मात्र आपण सगळेच हे वेड शहाणपण समजून करत असतो.

रॉबर्ट झायन्स या मानसशास्त्रज्ञाने १९६५ साली, तोपर्यंतचे अनेक प्रयोग तपासून, एक सूत्र मांडले होते. माणसे बघत असली की जी गोष्ट आपल्या अंगवळणी पडलेली असते ती अधिक चांगली होते, आणि जी अजून मुरलेली नसते ती बिघडते. गर्दी तीच असते, आणि आपल्याजवळ आधीपासून जे असेल ते ती वाढवून दाखवते. नाटकात तुमच्याजवळ दोन महिन्यांची तालीम होती, ती वाढली. समारंभात तुमच्याजवळ एका रात्रीची धाकधूक होती, तीही तशीच वाढली. तुमच्या स्वभावातल्या बुजरेपणाला यात फारसे काम उरत नाही, आणि म्हणूनच 'सभाधीट कशी होऊ' हा प्रश्न तूर्त बाजूला ठेवून 'तालीम कधी सुरू करू' एवढाच प्रश्न तुम्ही हाती घ्यावा असे मला वाटते.

शरीराला काय होते तेही एकदा समजून घ्यावे, म्हणजे त्याचा बाऊ राहत नाही. धोका जाणवला की मूत्रपिंडांवर बसलेल्या ग्रंथी अ‍ॅड्रेनॅलिन सोडतात, त्यामुळे काळीज धडधडू लागते, रक्त पोटाकडून हातापायांच्या स्नायूंकडे वळते आणि तोंडातली लाळ आटते. पोटात पडणारा गोळा, घशाची कोरड आणि हाताचे कापरे ही सगळी त्याचीच लक्षणे आहेत. सभाकंप हा इतका सार्वत्रिक आहे की जर्मनीतल्या ट्रियर विद्यापीठातील संशोधकांना जेव्हा प्रयोगशाळेत निरोगी माणसावर हमखास ताण आणण्याची पद्धत हवी होती, तेव्हा त्यांनी चेहऱ्यावर कोणताही भाव न दाखवणाऱ्या परीक्षकांसमोर पाच मिनिटे भाषण करायला लावणे आणि पाठोपाठ तोंडी हिशेब घालणे हाच उपाय निवडला. १९९३ साली प्रसिद्ध झालेली ही पद्धत आजही जगभर वापरली जाते. या ताणाचा जोर बोलण्याच्या अगदी आधी आणि पहिल्या एखाद्या मिनिटात सर्वांत जास्त असतो आणि त्यानंतर तो ओसरू लागतो. तुम्ही तिसऱ्या नावापाशीच खाली बसलात, म्हणजे तो ओसरण्याची वाट पाहायला थांबलाच नाहीत.

विंगेत उभे असतानाही तुमचे काळीज असेच धडधडत असते. फक्त तिथे तुम्ही त्याला 'आता माझी एण्ट्री' असे म्हणता आणि भाषणाआधी त्याला 'आता माझी फजिती' असे म्हणता. हा नावाचा फरक क्षुल्लक नाही. हार्वर्डच्या अ‍ॅलिसन वुड ब्रूक्स यांनी २०१४ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत, बोलण्याआधी 'मी शांत आहे' असे स्वतःला बजावणाऱ्यांपेक्षा 'मला उत्साह आला आहे' असे म्हणणाऱ्यांची भाषणे ऐकणाऱ्यांना अधिक सरस वाटली. धडधडणारे काळीज हुकमाने शांत होत नाही, पण त्या धडधडीला दुसऱ्या कामाला लावता येते. खुर्चीवर बसल्या बसल्या करण्याजोगी एक गोष्ट मात्र खरोखर उपयोगी पडते, ती म्हणजे श्वास घेताना मनात चारपर्यंत मोजावे आणि सोडताना सहापर्यंत. लांबवलेल्या उच्छ्वासाने हृदयाची गती थोडी खाली येते. पाच-सहा श्वास पुरेत.

आता तुमच्या सहकाऱ्यांनी घातलेल्या 'समजुती'विषयी. ती समजूत नसून बरीचशी खरी गोष्ट असावी, असे मला वाटते. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठातले थॉमस गिलोविच आणि त्यांचे सहकारी यांचा २००० साली प्रसिद्ध झालेला एक प्रयोग आहे. त्यांनी काही विद्यार्थ्यांना एका गायकाचे चित्र असलेला, अंगात घालायला लाज वाटेल असा टी-शर्ट घालून इतर विद्यार्थी बसलेल्या खोलीत पाठवले. खोलीतल्या जवळजवळ निम्म्या जणांनी आपला शर्ट पाहिला असणार, असा त्या विद्यार्थ्यांचा अंदाज होता. प्रत्यक्षात जेमतेम एक चतुर्थांश जणांच्या तो लक्षात आला होता. आपल्यावर रोखलेली नजर आपण नेहमी दुपटीने मोजतो. तुमच्या हातातला कागद थरथरत होता हे पहिल्या ओळीतल्या चारदोघांना दिसले असेल. मागे बसलेली माणसे शेजारणीच्या नथीकडे पाहत होती किंवा जेवण कधी वाढणार याचा अंदाज घेत होती.

या बाबतीत मला स्वतःलाच धडा मिळालेला आहे. नोकरीच्या पहिल्या वर्षी एका गावच्या वार्षिक कार्यक्रमात मला बोलायला उभे केले होते. संस्कृत श्लोकाने सुरू होणारे, अलंकारांनी लगडलेले भाषण मी लिहून नेले होते, आणि दुसऱ्या ओळीपाशी माझी जीभ टाळूला चिकटली. तेवढ्यात वीज गेली. माइक बंद, दिवे बंद, कागदही दिसेना. काळोखात कोणीतरी हसले, कोणीतरी लेकराला गप्प केले, आणि मी सरळ मोठ्याने, माझ्या वर्गात बोलते तशी, एका विद्यार्थिनीची हकीगत सांगू लागले. तीनचार मिनिटे मी बिनधास्त बोलले. मग वीज आली, सगळे चेहरे एकदम समोर उभे राहिले, आणि मी पुन्हा अडखळले! मला बोलण्याची भीती कधीच नव्हती, बोलताना दिसण्याची होती, हे त्या रात्री घरी परतताना माझ्या लक्षात आले. नाटकात तुम्ही दिसत नाही, तुमची भूमिका दिसते. वर्गात तर तुमचे लक्ष स्वतःकडे नसतेच, मागच्या बाकावरच्या मुलाला हातच्याचा हिशेब कळला की नाही याकडे असते. मंचावर मात्र तुम्ही स्वतःच स्वतःच्या प्रेक्षक होऊन बसता. म्हणून भाषणातही तुम्हाला असे काही हवे, ज्याच्याकडे पाहता पाहता स्वतःकडे पाहायचे राहून जाईल.

तसे काही तुमच्या मसुद्यातच आहे, पण ते दुसऱ्या पानावर दडले आहे. पहिल्या पानाची सुरुवात तुम्ही अशी केली आहे: "आजच्या या मंगलमय, देदीप्यमान आणि अविस्मरणीय प्रसंगी उपस्थित सर्व मान्यवरांचे शब्दसुमनांनी स्वागत करताना माझे मन कृतकृत्यतेने भरून आले आहे." खरे सांगा, 'देदीप्यमान' हा शब्द तुम्ही आयुष्यात कधी मोठ्याने उच्चारला आहे का? हे वाक्य तुमचे नाही, ते आपल्याकडच्या प्रत्येक मंचावर टांगलेले आहे आणि जो येतो तो ते अंगात घालतो. परक्या मापाचे कपडे घालून चालताना पाय अडकणारच. दुसऱ्या पानावर मात्र तुम्ही लिहिता की शाळेच्या कपाटात पहिल्या वर्षीचा हजेरीपट सापडला, त्यात १४ नावे आहेत, त्यांतल्या पाच मुली असून तिघीजणी आजही गावातच आहेत. बाई, यापेक्षा चांगली सुरुवात कोणाला मिळते! "आमच्या शाळेच्या कपाटात एक जुना हजेरीपट आहे. त्याच्या पहिल्या पानावर १४ नावे आहेत. त्यांतल्या तिघीजणी आज या मंडपात बसल्या आहेत." या तीन वाक्यांनंतर सहाशे माणसांपैकी एकही माणूस तुमच्या हाताकडे पाहणार नाही, सगळ्या माना त्या तिघींना शोधायला वळतील, आणि तुमचीही.

ही तीन वाक्ये आणि त्यांच्या पुढची चार-पाच तोंडपाठ करा. बाकीचे भाषण पाठ करू नका. कीर्तनकार काय करतात ते आठवा. ते पूर्वरंगाचा अभंग दरवेळी निराळा घेतील, आख्यान निराळे लावतील, पण आधीचे नमन ठरलेले असते. शेकडो वेळा म्हटलेले ते शब्द विचार न करता येतात, आणि ते म्हणता म्हणता आवाज लागतो, पेटीशी सूर जुळतो, मंडपाचा अंदाज येतो. ज्या एका मिनिटात सभाकंपाचा जोर सर्वांत जास्त असतो, नेमक्या त्या मिनिटात त्यांच्या तोंडी पाठ असलेले शब्द असतात. तुमचे नमन म्हणजे ही सात-आठ वाक्ये. उरलेल्या भाषणासाठी मोठ्या अक्षरांत लिहिलेले मुद्दे जवळ ठेवावेत आणि त्यांच्याकडे बघत बघत सांगावे. साल, नावे, देणगीचे आकडे तेवढे वाचून दाखवावेत; त्यात कमीपणा नाही.

मान्यवरांच्या नावांचे काय करावे? तुमची गाडी तिथेच रुळावरून घसरली होती आणि त्यात तुमचा दोष मला कमी दिसतो. आमदार, सरपंच, पंचसदस्य, देवस्थान समितीचे अध्यक्ष, पालक-शिक्षक संघाचे अध्यक्ष, शिक्षण खात्याचे अधिकारी, देणगीदार, शिवाय ऐन वेळी येऊन पहिल्या रांगेत बसवलेले कोणीतरी, ही यादी म्हणजे स्मरणशक्तीची परीक्षा असते. तिच्यात अर्थाचा धागा नसतो, त्यामुळे एक मणी सुटला की सगळे ओघळतात; आणि एखादे नाव राहिले तर रुसवा होईल ही टांगती तलवार डोक्यावर असतेच. आपल्या गोव्यातल्या कार्यक्रमांत प्रत्येक वक्ता ही यादी पहिल्यापासून म्हणतो आणि ऐकणाऱ्यांचा निम्मा उत्साह तिथेच संपतो, हे माझे जुने दुखणे आहे. सूत्रसंचालकांनी नावे एकदा घेतली की ती घेतली गेली. त्यांच्याशी आधी बोलून ठेवा आणि तुम्ही 'व्यासपीठावरील मान्यवर आणि माझ्या गावकऱ्यांनो' एवढ्यावर हजेरीपटाकडे वळा. कोणाला राग आला तर तो माझ्यावर काढायला सांगा.

भाषेच्या धास्तीबद्दल मला थोडे सविस्तर लिहायचे आहे, कारण अशी पत्रे मला दरवर्षी येतात. घरात कोकणी आणि मंचावर, मखरापुढे, वहीत मराठी, ही आपल्याकडच्या कितीतरी घरांची पिढ्यान्‌पिढ्यांची रीत आहे, आणि त्या रीतीतून घडलेल्या मराठीला स्वतःचा हेल आहे. तुमच्याच तालुक्यातल्या मंगेशीत जन्मलेल्या मास्टर दीनानाथांनी मराठी रंगभूमी गाजवली, आणि तुमच्याच तालुक्यातल्या बोरीच्या बा. भ. बोरकरांनी मराठी आणि कोकणी अशा दोन्ही भाषांत कविता लिहिली. पुण्याच्या पाहुण्यांनी नक्कल केली, ती त्यांची करमणूक झाली. डिसेंबरात तुमच्यासमोर पुणे बसणार नाही, तुमचा गाव बसणार आहे, आणि त्या गावाचे कान तुमच्या हेलाला लहानपणापासून सरावलेले आहेत. बोलता बोलता एखादा कोकणी शब्द आला तर तो परत घेऊ नका, त्याबद्दल क्षमा मागू नका, पुढे जा. अडखळायला होते ते कोकणीमुळे कमी आणि पुस्तकातून उचललेल्या, तोंडात कधी न बसलेल्या मराठी शब्दांमुळे जास्त. मोठ्याने वाचताना जो शब्द दोनदा अडला तो खोडून तिथे साधा शब्द घालावा, एवढा एकच नियम पाळा.

नाटकात मोकळे वाटणे आणि भाषणात आवळल्यासारखे होणे हे आपल्याकडे मी इतक्या जणांत पाहिले आहे की ती एकट्यादुकट्याच्या स्वभावाची गोष्ट आहे असे मला वाटत नाही. पोर्तुगीज राजवटीत परवानगीवाचून सभा घेता येत नसे. १८ जून १९४६ रोजी मडगावात डॉ. राममनोहर लोहिया भर पावसात जमलेल्या लोकांपुढे बोलायला उभे राहिले, आणि त्यांना तिथेच अटक झाली. त्या काळात आपल्या आज्या-पणज्यांना चारचौघांपुढे आवाज काढायला जागा होती ती भजनाची, कीर्तनाची आणि जत्रेच्या नाटकाची. स्वतःचे म्हणणे स्वतःच्या नावाने मांडण्याची सवय १९६१ च्या मुक्तीनंतरची, म्हणजे जवळजवळ तुमच्या शाळेच्याच वयाची आहे. हा माझा तर्क आहे, इतिहासकार काय म्हणतील ते म्हणोत.

तर मग तालीम. कार्यक्रमाला अजून सहा-सात आठवडे आहेत, ते पुष्कळ झाले. रोज संध्याकाळी उभे राहून, मोठ्याने, घड्याळ लावून पूर्ण भाषण एकदा म्हणा. बसून किंवा मनात म्हटलेले धरू नका. सावकाश बोलणारा माणूस मिनिटाला शंभर-सव्वाशे शब्द बोलतो आणि तुम्हाला दहा मिनिटे दिली आहेत. तुमच्या मसुद्यात सतराशेवर शब्द आहेत, त्यामुळे तुम्ही धावणार आणि धावताना धाप लागणार हे ठरलेलेच आहे. नऊशेवर आणा. शाळेला पत्रे कोणत्या साली घातले आणि कुंपण कोणत्या साली बांधले हे स्मरणिकेत छापा, भाषणात नको. दुसऱ्या आठवड्यापासून ऐकणारे वाढवत न्या. आधी यजमान ऐकतील, मग शाळेतल्या सहकारी, मग शाळेच्या परिपाठाला तुमची २३ मुले. त्यांना हजेरीपटाची गोष्ट सांगा आणि ती कुठे चुळबुळ करू लागतात ते पाहा, त्यांच्याइतका कठोर परीक्षक तुम्हाला मिळणार नाही. दरम्यान महिला मंडळाच्या बैठकीत दोन मिनिटांचे आभारप्रदर्शन मागून घ्या, ग्रामसभेत उभे राहून एक प्रश्न विचारा. ग्रामसभेत लोक एकमेकांवर इतके तावातावाने बोलत असतात की तुमच्या थरथरीकडे बघायला तिथे कोणाला सवड नसते, म्हणून ती सरावाला उत्तम जागा आहे. शेवटच्या आठवड्यात एकदा रिकाम्या मंडपात जाऊन बोला, कारण दगडी फरशी आणि उंच छत असलेल्या आपल्या मंडपांत आवाज घुमतो, आणि रिकाम्या मंडपात तो अधिकच घुमतो. प्रत्येक वाक्यानंतर तो घुमारा विरेपर्यंत थांबायची सवय तिथेच लागेल.

काही किरकोळ वाटणाऱ्या गोष्टी किरकोळ नसतात. सुटा कागद हातात घेऊ नका. तो कापतो आणि त्याची सळसळ माइकमधून वाळलेल्या पानासारखी सगळीकडे ऐकू जाते. पोस्टकार्डाएवढे पुठ्ठ्याचे तुकडे कापून त्यांवर मुद्दे लिहा. माइक तोंडापासून साधारण वीतभर अंतरावर असावा, आणि तुमच्या आधीचा वक्ता उंच असेल तर मान वर ताणून बोलू नका, दोन क्षण घेऊन माइक खाली करून घ्या. त्या दिवशी काचेच्या भरगच्च बांगड्या नकोत, हात हलला की त्याही बोलतात. पाण्याचा पेला उजव्या हाताशी असू द्या आणि तो तहान लागली तरच प्यायचा असतो असे समजू नका. मध्येच आठवेनासे झाले की एक घोट पाणी घ्यावे, तेवढ्या वेळात पुढचा मुद्दा वाचून होतो. तुम्हाला युगासारखी वाटणारी ती शांतता ऐकणाऱ्यांना तीन सेकंदांची असते, आणि बाई विचार करून बोलत आहेत असे त्यांना वाटते. शिवाय नाटकातली प्रॉम्प्टरची सोय इथेही करता येईल. भाषणाची एक प्रत पहिल्या रांगेत बसणाऱ्या विश्वासातल्या सहकारी शिक्षिकेकडे द्या. ती काही सांगेल असे नाही, पण ती तिथे आहे एवढ्यानेच अर्धे काम होते.

गोळीबद्दल. यजमानांच्या ऐकण्यात आलेली गोळी बहुधा प्रोप्रॅनोलॉल किंवा तिच्यासारखी एखादी असावी. काळजाची धडधड आणि हातांचा कंप ती कमी करते हे खरे असले, तरी दमा असलेल्याला ती धोक्याची ठरू शकते आणि रक्तदाब किंवा नाडी आधीच कमी असणाऱ्यालाही ती सोसेलच असे नाही. दुसऱ्या कोणाच्या डब्यातली तर मुळीच घेऊ नये. तुमच्या पत्रावरून तुम्हाला तिची गरज आहे असे मला दिसत नाही, पण तो निर्णय डॉक्टरांचा आहे. ही भीती जर भाषणापुरती न राहता पालकसभा टाळणे, लग्नकार्याला न जाणे, आठवडेच्या आठवडे झोप न लागणे इथवर गेली असेल, तर मात्र तो आजार मानून मानसोपचारतज्ज्ञांकडे जावे. बोलण्यातून आणि क्रमाक्रमाने सरावातून त्यावर चांगले उपचार होतात. बांबोळीच्या सरकारी मनोरुग्णालयात त्याची सोय आहे, आणि टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर घरबसल्याही बोलता येते.

तुमचा मसुदा खाणाखुणा करून परत पाठवत आहे. पहिले पान मी पुरते काटले आहे, रागावू नका. हजेरीपटातल्या त्या तिघींची नावे मंचावरून घेण्यापूर्वी त्यांना विचारायला हवे, एखादीला ते आवडणार नाही. तेव्हा या रविवारीच त्यांच्याकडे जा. सोप्यावर बसून चहा झाला की हजेरीपट त्यांच्यापुढे उघडा आणि उभे राहून ती पहिली सात-आठ वाक्ये त्यांना म्हणून दाखवा. त्या नक्की मध्येच काहीतरी सांगू लागतील, कोणी छडी खाल्ली, कोण पावसात फळी धरून ओढा ओलांडायचे, बाकावर कोण कोणाशेजारी बसायचे. ते लिहून घ्या. दुसऱ्या पानाच्या शेवटी मी त्यासाठी जागा मोकळी ठेवली आहे.